उन्हाचा जमाखर्च

सूर्य एक, त्याचें ऊन एक, आणि ज्या पृथ्वीवर तें पडतें ती पृथ्वीही एकच. असें असतां जानेवारी महिन्यांतील एकाच पहाटे मुंबईच्या मनुष्यास अंगावर एक चादर पुरते, निफाड तालुक्यांतील द्राक्षबागाईतदार पारा पांच अंशांखालीं उतरतो कीं काय या चिंतेनें बागेंत शेकोट्या पेटवीत असतो, आणि सैबेरियांतील वेर्खोयान्स्क गांवीं पारा शून्याच्या खालीं पंचेचाळीस अंशांच्या आसपास थिजलेला असतो. हा भेद कोठून उत्पन्न होतो, हा प्रश्न केवळ शाळेंतील भूगोलाचा नव्हे. ज्याचा गहू फाल्गुनांतील तापानें अकालीं पिकून दाणा बारीक राहतो, किंवा ज्याच्या द्राक्षांचे भरलेले मणी दोन-तीन रात्रींच्या कडाक्यानें तडकतात, त्याच्या संसाराचा तो प्रश्न आहे. म्हणून या विषयाचा थोडा खुलासा येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें उभें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेल्यामुळें कोणतीही गोष्ट जमा, खर्च आणि शिल्लक अशा तीन रकान्यांत मांडिली म्हणजेच आम्हांस ती नीट उमगते. सुदैवानें उष्णतेचा विषय याच रीतीनें फार सुलभ होतो. सूर्यापासून जें ऊन येतें ती जमा. जमीन जी उष्णता रात्रंदिवस आकाशाकडे परत टाकीत असते, जी वारा वाहून नेतो व जी पाण्याची वाफ करण्यांत वेंचते तो खर्च. आणि या दोहोंचा मेळ घालून जें उरतें तें त्या ठिकाणचें तापमान. कोणत्याही गांवच्या थंडी-उन्हाचें कारण शोधावयाचें झाल्यास त्या गांवची जमा कमी आहे कीं खर्च अधिक आहे, एवढेंच पाहावें लागतें.

जमेची बाजू

प्रथम एक सर्वसाधारण समज दूर केला पाहिजे. पुष्कळांस असें वाटतें कीं, उन्हाळ्यांत सूर्य जवळ असतो आणि हिवाळ्यांत तो दूर जातो. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. पृथ्वीची सूर्याभोंवतीं फिरण्याची वाट किंचित् लांबट आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत पृथ्वी सूर्यास सर्वांत जवळ, म्हणजे सुमारें १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटरांवर असते. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यांत सर्वांत दूर, म्हणजे सुमारें १५ कोटी २१ लक्ष किलोमीटरांवर असते. साऱ्या पृथ्वीस मिळून जुलैपेक्षां जानेवारींत शेंकडा सातच्या सुमारास अधिक ऊन मिळतें, आणि तरीही आमच्याकडे थंडी जानेवारींतच पडते. अर्थात् जवळ-दूर हें तिचें कारण नव्हे.

खरें कारण किरणांच्या तिरपेपणांत आहे. वातावरणाच्या माथ्यावर सूर्याकडे सरळ तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटर फळीवर सुमारें १३६० वॅट इतकी शक्ति पडते. हा दर सर्व पृथ्वीस जवळजवळ सारखाच. फरक पडतो तो ही रक्कम किती जागेवर वांटली जाते यांत. रात्रीं घरांत विजेरी घेऊन तिचा झोत जमिनीवर सरळ उभा पाडावा; लहानसें व प्रखर वर्तुळ दिसेल. तीच विजेरी तिरपी धरावी. वर्तुळ लांबट व मोठें होईल, परंतु त्यांतील उजेड फिका पडेल. विजेरीतला उजेड कमी झाला नाहीं, तो अधिक जागेवर पसरला एवढेंच. सूर्य क्षितिजापासून तीस अंशांवर असतां त्याचा झोत दुप्पट जमिनीवर पसरतो, आणि प्रत्येक गुंठ्याच्या वांट्यास निम्मेंच ऊन येतें. शिवाय तिरप्या किरणांस हवेच्या थरांतून अधिक लांब वाट चालावी लागते व वाटेंतच त्यांची कांहीं शक्ति कमी होते.

वाचकांनीं याचा पडताळा स्वतःच्या खळ्यांत पाहावा. एक हात लांबीची काठी ओळंब्यानें उभी करावी व भर दुपारीं सावली सर्वांत आंखूड होईल तेव्हां ती मोजावी. पुण्यास २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य माध्यान्हीं सुमारें ४८ अंशांवर असतो व काठीची सावली हाताहून थोडी कमी भरते. मेच्या मध्यास सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि सावली काठीच्या पायाशींच लोपते. जुलैच्या अखेरीस हाच योग पुन्हां येतो; पण त्या वेळीं आकाश ढगांनीं भरलेलें असल्यामुळें तो कोणाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. आतां लंडन शहराचें उदाहरण घ्या. तेथें २२ डिसेंबरास सूर्य भर दुपारीं अवघा १५ अंश वर येतो. आपल्याच काठीची सावली तेथें पावणेचार हातांच्या जवळ जाईल, आणि एक चौरस हाताचें ऊन जवळजवळ चार चौरस हात जमिनीस पुरवावें लागेल.

किरणांचा हा तिरपेपणा ऋतूंप्रमाणें बदलतो याचें कारण पृथ्वीचा आंस सुमारें साडेतेवीस अंशांनीं कललेला आहे. जूनमध्यें उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, डिसेंबरांत तो पाठमोरा होतो. या कलण्यानेंच दिवसाची लांबीही बदलते. पुण्यास डिसेंबरांतील लहानांत लहान दिवस अकरा तासांचा, व जूनमधील मोठ्यांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो; लंडनास मात्र तो आठ तासांहून कमी व साडेसोळा तासांहून अधिक असा झुलतो. तेव्हां जमा ठरविणाऱ्या गोष्टी दोन: किरण किती उभे पडतात आणि किती वेळ पडतात. एडमंड हॅले या ज्योतिर्विदानें या दोन गोष्टींवरून निरनिराळ्या अक्षांशांच्या सूर्यतापाचें गणित १६९३ सालींच मांडिलें होतें.

या गणितांतून एक चमत्कारिक गोष्ट निघते. जूनच्या २१ तारखेस उत्तर ध्रुवावर सूर्य मावळतच नाहीं; त्यामुळें त्या एका दिवसाच्या चोवीस तासांत वातावरणाच्या माथ्यावर पडणारें ऊन ध्रुवावर विषुववृत्तापेक्षां सुमारें एक-तृतीयांशानें अधिक भरतें! मग ध्रुव तापत कां नाहीं? कारण वर्षाचे बाकीचे सहा महिने तेथें जमेचा रकाना कोराच असतो, आणि जें येतें तेंही पदरांत पडत नाहीं. ताजें बर्फ शंभरांतील ऐंशीहून अधिक भाग जसेच्या तसे परतवितें. आपली ओली काळी जमीन दहाच्या आसपासच परतविते. उरलेलें ऊन बर्फ वितळविण्यांत खर्ची पडतें, आणि एक शेर बर्फ वितळण्यास जितकी उष्णता लागते तितक्या उष्णतेनें तेंच शेरभर पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलें असतें. येणें मोठें असूनही आल्यापावलीं परत जाणारें असलें म्हणजे शिल्लक कोठून राहणार?

वर्षाचा एकूण हिशेब पाहतां विषुववृत्तास ध्रुवाच्या दुपटीहून अधिक ऊन मिळतें. उष्ण कटिबंधांत जमा खर्चाहून अधिक, व ध्रुवांकडे खर्च जमेहून अधिक. ही तफावत तशीच राहती तर उष्ण देश वर्षानुवर्ष तापतच गेले असते. तसें होत नाहीं, कारण वारे आणि समुद्राचे प्रवाह एकीकडची शिल्लक उचलून दुसरीकडे नेऊन पोंचवितात. जगांतील बहुतेक सारें हवामान म्हणजे या उष्णतेच्या वाहतुकीचा व्यवहार होय.

खर्चाची बाजू

केवळ जमा पाहून निकाल दिल्यास तो चुकतो, याचें उत्तम उदाहरण मुंबई आणि नागपूर. मुंबई १९ व्या व नागपूर २१ व्या अक्षांशाच्या जवळ. दोहोंच्या उन्हाच्या जमेंत फारसें अंतर नाहीं. तथापि मे महिन्यांत मुंबईची दुपार सुमारें ३३-३४ अंशांवर थांबते आणि नागपुराची ४२-४३ अंशांपर्यंत चढते. उलट जानेवारीच्या पहाटे नागपूर मुंबईपेक्षां चार-पांच अंशांनीं अधिक गार असतें. हा सर्व समुद्राचा प्रताप. तितकेंच वजन तितकेंच तापविण्यास कोरड्या मातीपेक्षां पाण्यास चार-पांचपट उष्णता लागते. शिवाय पाण्यांत ऊन खोलवर शिरतें, लाटांनीं तें खालवर ढवळलें जातें व बरेंचसें वाफ करण्यांत जातें. मातीचा व्यवहार मात्र वरच्या चार बोटांचा. म्हणून जमीन लवकर तापते व लवकर निवते. समुद्र हा मोठ्या पेढीसारखा सावकाश घेतो व सावकाश देतो. ग्रीष्मांत तापलेली जमीन आणि तितका न तापलेला समुद्र यांच्यांतील हेंच अंतर आपल्या मोसमी वाऱ्यांच्या मुळाशीं आहे. म्हणजे आपला खरीप हंगामही या जमाखर्चावरच चालतो.

समुद्रापासून अतिदूर असलेल्या प्रदेशांत हा भेद पराकोटीस जातो. वर उल्लेखिलेल्या वेर्खोयान्स्क येथें १८९२ च्या फेब्रुवारींत शून्याखालीं ६७.८ अंशांची थंडी नोंदली गेली. त्याच गांवीं २० जून २०२० रोजीं पारा ३८ अंशांवर गेला, व ही नोंद जागतिक हवामान संघटनेनें पुढें मान्य केली. एकाच गांवच्या दोन नोंदींत शंभराहून अधिक अंशांचें अंतर!

सर्वांत कडक ताप विषुववृत्तावर न पडतां त्याच्या उत्तर-दक्षिणेच्या कोरड्या प्रदेशांत पडतो, याचेंही कारण खर्चांतच आहे. विषुववृत्तावर ढग ऊन अडवितात, आणि भिजलेली जमीन व दाट अरण्य आलेल्या उन्हाचा मोठा भाग वाफ करण्यांत वेंचतात. राजस्थानांतील फलोदी येथें १९ मे २०१६ रोजीं ५१ अंश तापमान नोंदलें गेलें, तें गांव विषुववृत्तापासून २७ अंश उत्तरेस आहे. तेथें ढग नाहींत, जमिनींत ओल नाहीं. सारी जमा माती व हवा तापविण्याकडेच लागते. आपल्याकडेही मेच्या मध्यास डोक्यावर आलेला सूर्य मनस्वी तापवितो, आणि जुलैअखेरीस तोच सूर्य पुन्हां डोक्यावर येऊनही तापवूं शकत नाहीं, याचें कारण हेंच.

उंचीचाही वांटा मोठा आहे. हवा मुख्यतः तापलेल्या जमिनीकडून खालून तापते, व वर जातां जातां विरळ होऊन निवते; दर हजार मीटरांस सरासरी साडेसहा अंशांची घट धरितात. सुमारें १३५० मीटर उंचीचें महाबळेश्वर मे महिन्यांतही सुखावह वाटतें तें सूर्याच्या अधिक जवळ असूनही, हें ध्यानांत घ्यावें.

आतां दिवसाच्या ताळेबंदाकडे पाहूं. सूर्य बारा-साडेबाराच्या सुमारास सर्वांत वर असतो, पण ताप अधिक होतो दोन-तीन वाजतां. बारानंतर जमा घटूं लागली तरी कांहीं वेळ ती खर्चाहून अधिकच असते, म्हणून शिल्लक वाढत राहते. तसेंच रात्रभर केवळ खर्चच चालूं असल्यामुळें सर्वांत अधिक गारठा मध्यरात्रीं नसून सूर्योदयाच्या सुमारास असतो. डिसेंबरची २२ तारीख हा सर्वांत लहान दिवस असूनही थंडीचा जोर जानेवारींत राहतो, त्याचेंही मर्म हेंच.

रात्रीचा खर्च आणि शेतकरी

शेतकऱ्याच्या दृष्टीनें या साऱ्या विषयांतील कळीची गोष्ट रात्रीचा खर्च ही होय. जमीन, पानें, छप्परें, सर्वच वस्तु डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांच्या रूपानें आकाशाकडे उष्णता टाकीत असतात. आकाशांत ढग किंवा हवेंत दमटपणा असला तर त्यांतील बराच भाग अडून खालीं परत येतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी व वारा पडलेला असला तर खर्चास कोणी अडविणारा राहत नाहीं. विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्यानें १८१४ सालीं दंवाविषयींच्या आपल्या निबंधांत हें प्रयोगांनीं दाखविलें. त्याच्याही पूर्वीं आपल्या देशांतील साधे लोक या तत्त्वाचा व्यवहारांत उपयोग करीत होते. अलाहाबादेस हिवाळ्यांत बर्फ कसें काढीत याचें वर्णन सर रॉबर्ट बार्कर यांनीं १७७५ सालीं प्रसिद्ध केलें. मोकळ्या मैदानांत उथळ खड्डे खणून त्यांत उंसाचीं चिपाडें किंवा मक्याचीं वाळलेलीं ताटें पसरीत, त्यांवर मातीच्या उथळ थाळ्यांत पाणी भरून ठेवीत, आणि निरभ्र व निवांत रात्रीनंतर पहाटे त्यांवर बर्फ धरलेलें सांपडे. भोंवतालच्या हवेंत पाणी गोठण्याइतकी थंडी नसतांही हें घडे. थाळीचें पाणी उघड्या आकाशाकडे उष्णता टाकी, व खालच्या चिपाडांमुळें जमिनीची ऊब त्यास मिळूं शकत नसे.

निफाडची थंडी हीच. तेथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील नीचांकी आंकडे दर हिवाळ्यांत वर्तमानपत्रांतून आपण वाचतों. समुद्रापासून दूर, पांचशें मीटरांहून अधिक उंचीची, गोदाकांठची सपाट भूमि. वर निरभ्र आकाश आणि उत्तरेचा कोरडा वारा. मग रात्रीचा वारा थांबला कीं खर्च बेसुमार होतो. त्यांत आणखी एक गोष्ट अशी कीं, गार हवा जड असल्यामुळें ती पाण्याप्रमाणें उतारानें वाहून सखल जागीं सांचते. महाबळेश्वरासही दंव गोठल्याचें वृत्त येतें तें बहुधा वेण्णा तलावाच्या सखल परिसरांतून.

यावरून शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली, कडाक्याच्या रात्रीपूर्वीं पिकास पाणी द्यावें. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक सांठविते व रात्रीं ती खालून वर पोंचविते. कोरडी भुसभुशीत जमीन तिला खालींच कोंडून ठेविते. विहिरीचें पाणी थंडींत पहाटेच्या हवेहून कोमट असतें, हा आणखी एक लाभ.

दुसरी, कोरडा पालापाचोळा किंवा पाचट यांचें आच्छादन ओल राखण्यास उत्तम खरें. परंतु अतिथंडीच्या रात्रीं तेंच अलाहाबादच्या चिपाडांचें काम करितें. त्याच्या खालचीं मुळें उबदार राहतात, पण जमिनीची ऊब वरच्या पानांस व घडांस मिळत नाहीं. त्या चार-आठ दिवसांत तें ओळींतून बाजूस सारावें किंवा भिजवून ठेवावें, आणि नुकतीच कोळपणी करून माती मोकळी करण्याचेंही टाळावें.

तिसरी, शेकोटीविषयीं. धुराचे बारीक कण जमिनीच्या उष्णतेस फारसें अडवीत नाहींत. उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा व त्यानें हवा ढवळली जाण्याचा. म्हणून बांधावर एक मोठा धुराचा ढीग करण्यापेक्षां बागेंत ठिकठिकाणीं लहान शेकोट्या कराव्या, व त्या पहाटे, गारठा सर्वांत अधिक असतो त्या वेळीं, चालूं ठेवाव्या. सूर्य वर आल्यावर रेंगाळणारा धूर मात्र येणाऱ्या उन्हासच अडवितो.

चौथी, जागेची निवड. निफाड-नाशिकच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या दुपारीं सूर्य सुमारें ४६ ते ४७ अंशांवर दक्षिणेस असतो. साडेअकरा हातांत एक हात उतरणारें शेत दक्षिणेकडे उताराचें असलें तर त्यास त्या वेळीं, तितक्याच उत्तर उताराच्या शेतापेक्षां, शेंकडा अठराच्या सुमारास अधिक ऊन मिळतें. थंडी न सोसणारें पीक दक्षिण उतारावर व सखल कोपरा सोडून घ्यावें. उताराच्या खालच्या बाजूस दाट कुंपण असल्यास गार हवेस वाहून जाण्यापुरती वाट त्यांत ठेवावी.

पांचवी, पेरणीचा काळ. बागायत गव्हास नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा योग्य सांगितला आहे, त्याचें कारण हाच ताळेबंद. गव्हाचा दाणा भरण्यास थंड दिवस लागतात. पेरणी लांबली म्हणजे दाणा भरण्याचा काळ फेब्रुवारीअखेर व मार्चमध्यें जातो. तोंपर्यंत सूर्य चांगलाच वर चढलेला, दिवस वाढलेला व जमिनींतील ओल सरलेली असते. पीक घाईनें पिकतें, दाणा हलका पडतो. पाणी व खत पुढें कितीही दिलें तरी गेलेले थंड दिवस परत आणतां येत नाहींत.

एक गोष्ट सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. गेल्या दोन-अडीचशें वर्षांत मनुष्यानें कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळें हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायूचें प्रमाण दहा लक्ष भागांत सुमारें २८० होतें तें ४२० च्या वर गेलें आहे. हा वायु सूर्याच्या उन्हास वाट देतो, पण पृथ्वीच्या परत जाणाऱ्या उष्णतेस अडवितो. जमा तेवढीच व खर्च तुंबलेला, म्हणून जगाची शिल्लक वाढत आहे. याचा अर्थ कडाक्याच्या रात्री आतां येणारच नाहींत असा नव्हे. परंतु गव्हासारख्या पिकास लाभणाऱ्या थंड दिवसांची ठेव पूर्वीइतकी खात्रीची राहिलेली नाहीं, हें जाणून वेळेवर पेरणीचें महत्त्व आतां अधिकच मानिलें पाहिजे.

सूर्याची जमा वाढविणें किंवा घटविणें मनुष्याच्या हातीं नाहीं. पण आपल्या बांधाच्या आंतील खर्चावर थोडीबहुत नजर ठेवणें त्यास शक्य आहे. त्यासाठीं फार सामग्री नको. कमाल व किमान पारा दाखविणारा एक तापमापक पिकाच्या उंचीवर सावलींत टांगावा, शक्य तर दुसरा शेताच्या सखल कोपऱ्यांत लावावा, आणि रोज सकाळीं दोन्ही आंकडे, आकाश निरभ्र कीं ढगाळ, वारा होता कीं नाहीं, इतकें वहींत टिपावें. तीन हिवाळ्यांची अशी टांचणें हातीं असलीं म्हणजे कोणत्या रात्रीं मोट-पंप सोडावा व कोणत्या रात्रीं निश्चिंत निजावें, हें स्वतःच्या शेतापुरतें तरी शेतकऱ्यास कळूं लागेल. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर क्षेत्र, आकार, पीक व पाण्याचें साधन यांस रकाने आहेत. उन्हास रकाना नाहीं. तो प्रत्येकानें आपल्या वहींत आपणच आंखून घ्यावा.